सपाट भूमीची रेषा : डच अम्लरेखनातील निसर्गचित्र

१

निसर्गवर्णन हा आपल्या समीक्षेत फार वापरला गेलेला आणि फार थोडा तपासला गेलेला शब्द आहे. नगर, सागर, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय यांची वर्णने महाकाव्यात असावीत असे दंडीने सांगून ठेवले, आणि तेव्हापासून निसर्गाला आपल्या वाङ्मयात आसन मिळाले ते मानाचे खरे, पण दुय्यम. नायकाच्या विरहासाठी चंद्र, मीलनासाठी वसंत आणि पराक्रमासाठी सागर, अशी ही व्यवस्था आहे. आधुनिक मराठी कवितेने ती पुष्कळ अंशी मोडली. तरीही निसर्ग म्हणजे रमणीय किंवा भव्य असे काहीतरी, ही समजूत मात्र टिकून राहिली. कडा असेल, धबधबा असेल, समुद्र असेल, निदान एखादे पुराणप्रसिद्ध तीर्थ असेल, तरच ती भूमी वर्णनीय ठरते. बाकीची भूमी नुसती जागा!

ज्या भूमीत उंचवटा नाही, जिला कथा नाही, जी पाहावयास कोणी वाट वाकडी करून येत नाही, अशी भूमी श्रेष्ठ कलेचा विषय होऊ शकते काय, हा प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर एका लहानशा राष्ट्राने सतराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यावर लिहून ठेवले आहे. ते राष्ट्र म्हणजे हॉलंड, आणि ती लिपी म्हणजे अम्लरेखन.

हा प्रश्न आम्हांस केवळ तात्त्विक वाटत नाही. तापीच्या उत्तरेस, सुरतेला लागून असलेल्या कोसाडच्या परिसरात आम्ही राहतो. ही भूमी तळहातासारखी सपाट आहे. खानदेशातून तापीच्या खोऱ्यातील रेल्वेने पोटासाठी सुरतेस आलेल्या मराठी कुटुंबांची मुले येथे वाढतात. त्यांना निसर्गावर निबंध लिहावयास सांगितला की ती न पाहिलेल्या सह्याद्रीचे वर्णन करतात, आणि ते वर्णन पाठ केलेले असते. दाराबाहेरचा पाळा, कालव्याकाठची बाभूळ, उसाच्या शेतापलीकडे उठणारी नव्या इमारतींची रांग हे काही लिहिण्याजोगे आहे, असे त्यांना वाटत नाही. कारण तसे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. डच अम्लरेखकांकडे वळण्याचे आमचे प्रयोजन हे असे आहे.

२

प्रथम या कलेची रीत थोडक्यात सांगणे इष्ट. तांब्याचा घासून गुळगुळीत केलेला पत्रा घ्यावयाचा. त्यावर मेण, राळ इत्यादिकांचा पातळ लेप चढवावयाचा आणि तो धुराने काळा करावयाचा. मग सुईने त्या लेपावर चित्र काढावयाचे. सुई जेथे फिरेल तेथे लेप निघून तांबे उघडे पडते. पत्रा तेजाबात बुडविला की उघडे तांबे खाल्ले जाते आणि झाकलेले शाबूत राहते. लेप पुसून टाकला की रेषेच्या जागी चर उरतो. त्या चरात शाई भरावयाची, पृष्ठभाग पुसून घ्यावयाचा, वर ओलसर कागद ठेवावयाचा आणि पत्रा दाबयंत्राच्या रुळांतून काढावयाचा. चरातील शाई कागद उचलून घेतो आणि ठसा तयार होतो.

याहून जुनी रीत कोरणीने तांबे खोदण्याची. तीत मनगटाचे बळ आणि सोनाराची शिस्त लागते. कोरणीची रेषा भरदार, नियमित आणि काहीशी राजेशाही असते. अम्लरेखनात हाताला विरोध होत नाही. सुई मेणावरून कागदावरच्या लेखणीइतकीच मोकळी धावते. त्यामुळे चित्रकाराच्या हस्ताक्षराचा प्रत्येक झोका ठशात उतरतो. तेजाबात पत्रा किती वेळ ठेवावा यावर रेषेचे गडदपण अवलंबून असते. दूरचे क्षितिज लवकर झाकून घेतले तर ते फिके राहते आणि जवळचे झाड पुन्हा बुडविले तर ते काळेभोर होते. काळ हेच येथे रंगाचे काम करते.

तिसरी एक रीत या दोहोंच्या जोडीला येते. लेप व तेजाब यांवाचून कोरड्या सुईने थेट तांब्यावर ओरखडा काढला, तर ओरखड्याच्या कडेला धातूचा बारीक कीस उभा राहतो. तो शाई धरून ठेवतो आणि ठशात रेषेभोवती मखमलीसारखी सावली उमटते. पण हा कीस नाजूक असतो. थोडेच ठसे काढल्यावर तो दबून जातो आणि सावली नाहीशी होते. म्हणजे बहुसंख्य प्रतींसाठी जन्मलेल्या या कलेतच एक क्षणभंगुर अंग आहे. रेम्ब्रँटने त्याचा उपयोग कसा करून घेतला ते पुढे येईल.

३

डच निसर्गदृश्यांच्या ठशांचा आरंभ हॉलंडमध्ये झाला नाही, तो शेजारच्या अँटवर्पमध्ये झाला. तेथील प्रकाशक हिएरोनिमस कॉक याने १५५९ आणि १५६१ या साली लहान निसर्गदृश्यांचे दोन संच काढले. त्यांचा मूळ चित्रकार कोण, हे आजतागायत निश्चित झालेले नाही. ब्राबांट प्रांतातील खेडी, कौलारू व गवती घरे, कुंपणे, डबकी आणि रस्ते एवढाच त्यांचा विषय. त्याच कॉकने थोडे आधी ब्रॉयगेलची आल्प्सच्या भव्य देखाव्यांची मोठी चित्रे छापली होती. म्हणजे भव्य आणि सामान्य असे दोन्ही मार्ग एकाच दुकानात मांडलेले होते.

यांपैकी दुसरा मार्ग हॉलंडने उचलला. १६१२ च्या सुमारास आमस्टरडॅमचा क्लास यान्सझोन व्हिस्सर याने अँटवर्पच्या त्या संचाच्या प्रतिकृती काढल्या आणि हार्लेम नगराभोवतीच्या रम्य स्थळांचा स्वतःचा संचही प्रसिद्ध केला. त्यात वाळूच्या टेकड्या आहेत, कापड धुऊन उन्हात वाळत घालण्याची मैदाने आहेत, दीपगृह आहे, खानावळ आहे. त्याच्या मागोमाग एसायस फान द वेल्ड, यान फान द वेल्ड आणि विलम बाउटेवेख हे हार्लेमचे तरुण चित्रकार या कामास लागले. क्षितिज खाली आले, आकाश मोठे झाले. रस्त्यावरून एखादा वाटसरू जातो, कुत्रा मागे रेंगाळतो, चित्रात याहून अधिक काही घडत नाही.

हे त्याच काळी का घडले? १५६८ पासून स्पेनच्या राजाशी चाललेल्या युद्धात १६०९ ते १६२१ अशी बारा वर्षांची तहकुबी झाली होती. वेढे आणि जाळपोळ सोसलेल्या मुलुखातून माणसे पुन्हा निर्धास्तपणे फिरू लागली होती. १६१२ मध्ये बेमस्टर नावाचे मोठे सरोवर पवनचक्क्यांनी उपसून कोरडे केले गेले आणि त्याच्या तळाची शेते झाली. जी जमीन शत्रूच्या हातून सोडविली आणि जी पाण्याच्या तोंडातून काढली, ती जमीन पाहण्याचा आनंद हा त्या ठशांचा स्थायी भाव आहे. तेथे राजाचा वाडा नाही, देवतेचा रथ नाही. देखाव्याचा मालक पाहणारा नागरिकच आहे. शिवाय ठसा स्वस्त असे. तैलचित्र ज्याला परवडत नसे असा मनुष्यही आपल्या गावाची वेस घरात लावू शके.

४

या सरळ, प्रसन्न प्रवाहात एक माणूस मात्र उलट दिशेने पोहला. हेर्क्यूलेस सेगर्स हे त्याचे नाव. जन्म १५८९ च्या सुमाराचा. त्याच्या सुमारे ५४ पत्र्यांचे १८० च्या वर ठसे आज उरले आहेत, आणि त्यांतील दोन ठसे एकसारखे सापडणे कठीण. तो कागद आधी रंगवून घेई. काळ्याऐवजी निळ्या, हिरव्या किंवा पिवळसर शाईने छापी. कधी कागद सोडून तागाच्या कापडावर ठसा घेई आणि त्यावर पुन्हा कुंचला फिरवी. ज्या कलेचा जन्म एकाच्या अनेक प्रती करण्यासाठी झाला, त्या कलेत प्रत्येक प्रत एकुलती एक ठेवण्याचा हा अट्टहास आहे.

त्याचे विषयही तसेच. हॉलंडात कोठेही न सापडणाऱ्या ओसाड, खडकाळ दऱ्या, झिजलेले कडे आणि वाळलेली झाडे. हे पाहून कोणी म्हणेल की आमच्या प्रतिपादनाला येथे बाध आला, कारण सेगर्सने सपाट भूमी टाकून डोंगरच काढले. पण ते डोंगर भव्यतेच्या हौसेने काढलेले नाहीत. ते जणू वाळक्या मातीच्या ढेकळाकडे डोळा लावून पाहिलेले आहेत. पत्र्यावरील खरबरीतपणा आणि खडकाचा खरबरीतपणा यांत त्याने भेद ठेवलेला नाही. एसायसने दाखविले की सामान्य स्थळ चित्रविषय होते. सेगर्सने दाखविले की नुसते पदार्थाचे पोतसुद्धा मनाची अवस्था सांगते.

समकालीनांना ते मानवले नाही. रेम्ब्रँटचा शिष्य सॅम्युएल फान होखस्ट्राटन याने १६७८ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, सेगर्सचे ठसे लोणी आणि साबण गुंडाळण्याच्या कामी जात. कथेतील तिखटमीठ वगळले तरी उपेक्षा खरी असली पाहिजे. मात्र एका माणसाने ती केली नाही. रेम्ब्रँटपाशी सेगर्सची आठ चित्रे होती. सेगर्सचा एक मूळ पत्राही त्याच्या हाती आला. त्यावर टोबायस आणि देवदूत यांचे चित्र होते. १६५३ च्या सुमारास रेम्ब्रँटने त्या आकृती खरवडून त्या जागी इजिप्तकडे पळून जाणारे येशूचे कुटुंब काढले, पण सेगर्सचा देखावा बव्हंशी तसाच ठेवला. खोडलेल्या देवदूताच्या पंखाची रेषा तेथल्या झाडीत आजही दिसते. एका कलावंताने दुसऱ्यास दिलेला याहून बोलका अभिप्राय आमच्या पाहण्यात नाही.

५

रेम्ब्रँटची निसर्गविषयक अम्लरेखने थोडीच, सव्वीसच्या आसपास आहेत, आणि ती बहुतेक १६४० ते १६५३ या तेरा-चौदा वर्षांतली आहेत. त्यांतील तीन आपण जरा जवळून पाहू.

पहिले 'तीन झाडे', १६४३ चे. आकार सुमारे २१ सेंटिमीटर उंच आणि २८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे शाळेच्या वहीच्या उघडलेल्या दोन पानांहून लहान. उजवीकडे लहानशा चढावर तीन झाडे, डावीकडे दूर पसरलेले शहर, आणि वरच्या कोपऱ्यात पट्टीने मारल्यासारख्या तिरकस, कठोर पाऊसरेषा. वादळ येत आहे की सरत आहे हे नक्की सांगता येत नाही. प्रथमदर्शनी हे चित्र भव्य वाटते. पण डोळा स्थिरावला की खाली पाण्याकाठी गळ टाकून बसलेला कोळी आणि त्याची सोबतीण दिसते. झुडपांच्या काळोखात बसलेले एक प्रेमी जोडपे दिसते. टेकडीच्या कडेवर एक चित्रकार बसलेला दिसतो, आणि तो या सगळ्या वादळाकडे पाठ करून पत्र्याबाहेरचे, आपल्याला न दिसणारे काही तरी टिपत आहे! आकाशातील एवढ्या मोठ्या घटनेखाली प्रत्येक जण आपापल्या कामात मग्न आहे. भव्य आणि सामान्य यांचे भांडण येथे मिटले आहे. वादळाची भव्यता त्या गळ टाकणाऱ्याच्या शांतपणामुळेच मोजता येते.

दुसरे 'सिक्सचा पूल', १६४५ चे. एक लाकडी पूल, दोन कोवळी झाडे, मागे पाण्यावर शीड, आणि उरलेला सगळा कोरा कागद. यजमानाचा नोकर गावात मोहरी आणावयास गेला तेवढ्या वेळात रेम्ब्रँटने पैजेने हा पत्रा पुरा केला, अशी आख्यायिका जेरसँ या फ्रेंच व्यापाऱ्याने १७५१ च्या सूचीत नोंदविली. ती खरी असो वा नसो, ती ज्या गुणामुळे जन्मली तो गुण चित्रात आहे. रेषा इतक्या थोड्या आहेत की त्यांतील एकही काढून घेता येणार नाही. आपल्या सूत्रकारांना अर्धी मात्रा वाचविण्याचा आनंद पुत्रजन्माएवढा होत असे म्हणतात. तो आनंद या पुलावर आहे.

तिसरे १६५१ चे, 'सोने तोलणाऱ्याचे शेत' या चुकीच्या पण रूढ नावाने ओळखले जाणारे. वस्तुतः ते हार्लेमजवळच्या सॅक्सनबर्ग नावाच्या मळ्याचे दृश्य आहे. तो मळा ज्या गृहस्थाचा, त्याचे रेम्ब्रँट घराच्या किमतीपोटी देणे लागत होता. पाचच वर्षांनी, १६५६ मध्ये, रेम्ब्रँटचे दिवाळे निघाले. चित्रात मात्र याचा मागमूस नाही. भूमी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे मंद वळत गेली आहे, दूर हार्लेमचे मोठे चर्च आहे, आणि झाडांच्या पुंजक्यांवर कोरड्या सुईची ती मखमली सावली आहे. ती सावली पहिल्या थोड्या ठशांतच टिकणार, हे काढणाऱ्यास ठाऊक होते. सपाट प्रदेशाला खोली देण्याचे काम त्याने त्या नाशिवंत किसावर सोपविले.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ठसा हा मूळ रेखाटनाची उलट प्रतिमा असतो. गाव ओळखू यावे म्हणून चित्रकार पत्र्यावर आधीच उलटे काढतात. रेम्ब्रँटने १६४० च्या सुमारास काढलेल्या आमस्टरडॅमच्या देखाव्यात ही काळजी घेतलेली नाही, आणि त्यामुळे शहर डावे-उजवे उलटले आहे. नकाशा म्हणून ते चुकले, चित्र म्हणून चुकले नाही. यथार्थता आणि तंतोतंतपणा या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे सांगण्यास याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

६

इतरांविषयी थोडक्यात. याकोब फान रॉइस्डालने सुमारे तेराच अम्लरेखने केली आणि तीही बहुतेक ऐन तारुण्यात. त्याची झाडे पाने मोजून काढलेली नाहीत, तरी प्रत्येक झाड आपले वय आणि सोसलेला वारा सांगते. गटेने १८१६ मध्ये त्याच्या तैलचित्रांवर निबंध लिहिला आणि त्याला कवी म्हटले. ही पदवी अम्लरेखनांनाही लागू पडते असे आमचे मत आहे. उलट अँथनी वॉटरलो याने वनराजीचे १३० च्या वर पत्रे केले. पुढील शतकात संग्राहकांना ते फार प्रिय झाले, पण एकामागून एक पाहू लागले की हाताची सवय डोळ्याच्या पुढे धावते आहे हे जाणवते. आलार्ट फान एव्हर्डिंगन १६४४ मध्ये नॉर्वे-स्वीडनकडे गेला आणि तेथून सूचिपर्णी वृक्ष, लाकडी झोपड्या आणि धबधबे घेऊन आला. स्वदेशात डोंगर नसलेल्या गिऱ्हाइकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. म्हणजे दूरच्या भव्यतेची ओढ डचांनाही होतीच. त्यांचे वेगळेपण एवढेच की, त्या ओढीपायी जवळच्या भूमीचा त्यांनी त्याग केला नाही.

७

या ठशांचा अर्थ कसा लावावा याविषयी विद्वानांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते मोडके झाड म्हणजे देहाची नश्वरता आणि पूल म्हणजे परलोकाची वाट. थोडक्यात प्रत्येक देखावा हे झाकलेले प्रवचन आहे. दुसऱ्या पक्षाची बाजू स्वेतलाना आल्पर्स या विदुषीने १९८३ च्या ग्रंथात मांडली. तिच्या मते डच कला कथा सांगणारी नसून वर्णन करणारी आहे आणि भिंगे, नकाशे यांच्या सोबतीने ती जगाचे ज्ञान मिळविते. आम्हांस दुसरे मत अधिक पटते, परंतु एका पुरवणीसह. वर्णन हे कधीच निरपेक्ष नसते. काय वर्णावे हे ठरविताना काय वगळावे हेही ठरलेले असते.

डच अम्लरेखकांनी काय वगळले? या प्रश्नाचा विचार सुरतेजवळ राहणाऱ्यास टाळता येणार नाही. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि १६१६ मध्ये तिची माणसे सुरतेत उतरली. त्यांतील पीटर फान डेन ब्रूक याने पुढे येथील वखारीचा कारभार पाहिला. त्याचे तैलचित्र फ्रान्स हाल्सने काढले, तेही त्याच हार्लेम नगरात. गुजरातचे कापड आणि नीळ या वखारीतून बाहेर पडे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरत लुटली तेव्हा डच आपल्या वखारीची दारे बंद करून बसले होते, आणि त्या वर्षी रेम्ब्रँट आमस्टरडॅममध्ये हयात होता. हीच कंपनी १६२१ मध्ये बांदा बेटांवर जायफळाच्या मक्तेदारीसाठी तेथील लोकांचा संहार करीत होती. व्हिस्सरची रम्य स्थळे त्या वेळी बाजारात होती. निसर्गाच्या या ठशांत पवनचक्की दिसते, बांध दिसतो, कष्टाने मिळविलेली शांती दिसते. त्या शांतीचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, हे मात्र दिसत नाही. यावरून ती चित्रे खोटी ठरतात असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या अंगणावर प्रेम करणारी नजर सर्वच अंगणांविषयी दयाळू असते असे समजणे भाबडेपणाचे होईल.

तरीही या व्यवहाराची दुसरी बाजू आहे. युरोपीय ठसे मोगल दरबारात पोचले होते, आणि लघुचित्रांच्या पार्श्वभागी निळसर धुक्यातील दूरची नगरे दिसू लागली ती त्यांच्याच परिचयाने. उलट दिशेने मोगल लघुचित्रे हॉलंडला गेली. त्यांचा मार्ग सुरतेच्या वखारीतून गेला असावा, असा तर्क सयुक्तिक आहे. १६५६ ते १६६१ च्या सुमारास रेम्ब्रँटने अशा चित्रांवरून केलेली वीसहून अधिक रेखाटने आज उपलब्ध आहेत. त्यांतील एकात चार वृद्ध झाडाखाली बसले आहेत. १६५६ च्या एका अम्लरेखनात अब्राहाम देवदूतांचे आतिथ्य करतो, त्या चित्राची बैठक या चौघांवरून घेतलेली आहे. आपल्याकडची पंगत डच तांब्यावर मांडली गेली, असे म्हणावयास हरकत नाही!

सुरतेच्या डच दफनभूमीत हेंड्रिक फान रेडे याची भव्य समाधी आहे. तो १६९१ मध्ये सुरतेकडे येताना समुद्रात वारला. 'होर्टुस मलाबारिकुस' या त्याच्या बारा खंडांच्या वनस्पतिग्रंथासाठी सातशेंवर ताम्रचित्रे आमस्टरडॅमला छापली गेली. १६७८ मध्ये आरंभ झालेल्या या ग्रंथात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघांचे नागरी लिपीतील निवेदन आहे, आणि तेही तांब्यावर खोदून छापलेले. त्याआधी १६६७ मध्ये कर्खरच्या ग्रंथातून नागरी वर्णमालेचे पत्रे आमस्टरडॅमलाच निघाले होते. आपल्या लिपीची अगदी आरंभीची छापील रूपे अशी डच तांब्यावर उमटली आहेत.

८

मग आमच्याकडे ही कला का रुजली नाही? तांबे नव्हते असे नाही, आणि तांबटही होते. पुण्याचा गंगाराम तांबट हा तर जातीचाच तांबट. १७९० नंतरच्या काळात ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी राहून त्याने वेरूळची लेणी आणि पुण्याच्या परिसरातील स्थळे रेखाटली. त्याच सुमारास जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशव्यांच्या दरबारी आला. त्याने १७९१-९२ मध्ये पाहिलेल्या मुंबई परिसराची बारा अम्लरेखने त्याच्या मृत्यूनंतर १८०० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. मिरजेस १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली तीही ताम्रपटांवरूनच. धातू, हात आणि दाबयंत्र, सारे जमले होते. मग उणे कशाचे होते?

आमच्या मते उणे होते ते गिऱ्हाइकाचे. आपल्या गावाची वेस विकत घेऊन भिंतीवर लावणारा नागरिक येथे नव्हता. तांब्यावर गीता आली, कारण गीता हवी होती. मुंबईची दृश्ये आली, पण ती लंडनच्या गिऱ्हाइकासाठी. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या काठी राहून तेथल्या पाण्याची, झाडांची, प्रकाशाची चित्रे वर्षानुवर्षे काढली. शाहू महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे १९२२ नंतर, त्यांनी आपली पुष्कळ चित्रे त्याच पाण्यात सोडून दिली, असे सांगतात. सेगर्सचे ठसे साबणाभोवती गेले आणि आबालालांची चित्रे तळ्यात गेली. फरक इतकाच की, सेगर्सला निदान एक रेम्ब्रँट मिळाला.

चित्रात जे झाले नाही ते कवितेत मात्र एकदा झाले, आणि तेही या तापीच्याच खोऱ्यात. धरणगावच्या बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता आम्ही मराठीतील सर्वोत्तम अम्लरेखन समजतो. गाव, शेते, पायवाट, डोहाचे काळे पाणी आणि त्यात पाय सोडून बसलेले एक झाड. न नायक, न प्रसंग, न उपदेश. तिच्यावर आपल्या समीक्षकांनी अर्थांचे केवढे डोंगर रचले हे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु प्रथम ती पाहावयाची असते. दूरचे फिके, मधले स्पष्ट, जवळचे गडद, हा क्रम तीत तेजाबाच्या नेमाने पाळलेला आहे.

९

यातून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध कोणता? आम्हांस तो असा दिसतो. भाषेच्या तासाला निसर्ग शिकविताना विशेषणे आधी देऊ नयेत, वस्तू आधी द्यावी. 'रमणीय', 'मनोहर', 'नयनरम्य' हे शब्द कोरणीने खोदलेल्या जुन्या साच्यासारखे आहेत. ते उमटतात ठसठशीत, पण कोणाच्याच हाताचे नसतात. आमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने आपले ठसे संगणकजालावर सर्वांस मोफत पाहावयास खुले केले आहेत. 'सिक्सचा पूल' वर्गात दाखवावा आणि मुलांस विचारावे की, यात किती वस्तू आहेत व किती जागा कोरी आहे. मग त्यांना आपल्या घराबाहेरची दहा पावले जमीन तितक्याच थोड्या वाक्यांत लिहावयास सांगावे.

कोसाडच्या मुलांपाशी लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. सुरतेला ऑगस्ट २००६ मध्ये तापीने बुडविले, तेव्हाच्या पाण्याच्या खुणा त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून आहेत. नदीचा पाळा हा त्यांचा डच बांधच होय. जेथे शेते होती तेथे वसाहती उठत आहेत, आणि ज्या शेताचे कोणी चित्र काढले नाही की वर्णन लिहिले नाही, ते शेत गेल्यावर ते होते याला पुरावा राहत नाही. व्हिस्सरच्या हार्लेमची कापड वाळविण्याची मैदाने केव्हाच गेली. परंतु पाठ फिरवून निघालेल्या वाटसरूसह ती कागदावर उरली आहेत.

भूमी सपाट असते, दृष्टी सपाट असू नये. भूमीला उंची नसेल तर क्षितिज खाली घ्यावे आणि आकाशाला जागा द्यावी, एवढे हॉलंडच्या त्या तांब्यावर स्पष्ट लिहिलेले आहे. ते वाचावयास आपल्या विद्यार्थ्यांस शिकविणे, हे काम आता आपले आहे.